विद्यापीठाचं आवार नक्की कोणासाठी बांधतात? (गणेशखिंड, सागरमाळ, ताळगाव वगैरे)

पायी_पायी

राम राम मंडळी. मागच्या आठवड्यात लेकीला घेऊन पुणे विद्यापीठात गेलो होतो (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पण तोंडात जुनंच बसलंय), तिला एमएस्सी करायचंय आणि मी तिथलाच, १९९५ ते ९७. गाडी मुद्दाम बाहेर लावली, म्हटलं पोरीला चालत दाखवू. वडाच्या पारंब्या, तो लांबलचक सावलीचा रस्ता, पुढे मेन बिल्डिंगचा मनोरा, मी आपला गाइडसारखा बोलतोय बोलतोय, आणि ही मध्येच थांबून म्हणते, "बाबा, हे विद्यापीठ वाटतच नाही, कुणाच्या तरी बंगल्याच्या बागेत न विचारता शिरल्यासारखं वाटतंय."

आता गंमत अशी की ती बरोबर बोलली. बंगलाच तो, मुंबईच्या गव्हर्नराचा. पावसाळ्यात साहेब पुण्याला राहायला यायचे त्यासाठी बांधलेला. ४११ एकरांचं आवार आहे, चौरस धरलं तर एक बाजू जवळजवळ १.३ किलोमीटर. घोडागाडी असेल तर अंतर काहीच नाही. दहाचं लेक्चर एका टोकाला आणि अकराचं दुसऱ्या टोकाला असेल तर मात्र पायाचे तुकडे.

तर प्रश्न असा की आपल्याकडची सरकारी विद्यापीठं बांधताना कुणी "यात माणसं चालणार आहेत" असा विचार केला होता का, की मिळाली जागा आणि बसवलं विद्यापीठ? इथे इतिहासवाले, आर्किटेक्ट, कोल्हापूरकर सगळे आहेत, लिहा.

जुना_पुणेरी_पाट

वा, जिव्हाळ्याचा विषय. थोडा मागचा इतिहास टाकतो, लांबेल, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

गव्हर्नराचं पावसाळी बिऱ्हाड आधी दापोडीला होतं. बार्टल फ्रिअर साहेब आले आणि त्यांनी गणेशखिंडीत नवीन गव्हर्मेंट हाउस काढलं. काम १८६४ ला सुरू, पुरं व्हायला १८७१ उजाडलं. नकाशा जेम्स ट्रबशॉ यांचा, इटालियन वळणाचा, विलायतेत राणीचं ऑसबोर्न हाउस आहे त्याच्याशी बरंच साम्य. हे सगळं सुचलं कारण तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत पैशाचा पूर. काम निम्म्यावर असताना युद्ध संपलं, कापूस आपटला, आणि बंगल्याचा खर्च मात्र वाढतच गेला. त्या उधळपट्टीवरून थेट ब्रिटिश पार्लमेंटात बोंब झाली होती. म्हणजे सरकारी बांधकामाचं बजेट फुगणं ही परंपरा तेव्हापासूनची, उगाच आजच्या इंजिनियरांना बोलू नका :)

बंगल्याखालच्या भुयाराचं पण सांगतो. प्रत्येक पुणेकराला ते शनिवारवाड्याला निघतं असं खात्रीने ठाऊक असतं. तसलं काही नाही. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून लांब होतं आणि ताटं घेऊन जाणारे नोकर साहेबांच्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून जमिनीखालून वाट काढली, असं सांगतात. कँपस डिझाइनवर चर्चा आहे ना, मग हे बघा, कोणी कुठून चालायचं याचा विचार त्या नकाशात पक्का केलेला होता. फक्त कोणासाठी, हा प्रश्न.

पायी_पायी

@पाट, भुयाराचं हे माहीतच नव्हतं, आम्ही दोन वर्षं तिथे भुतांच्या गोष्टी सांगण्यात घालवली. आणि १८९७ ची २२ जून विसरलात का? राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच बंगल्यात होती, ती आटोपून रँड बग्गीतून निघाला आणि पुढे गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गाठला. "गोंद्या आला रे" तो तिथलाच.

नकाशावाली

आर्किटेक्ट आहे, कँपसची कामं केलीत, म्हणून जरा वेगळ्या बाजूने सांगते.

इमारत बघण्याआधी त्या विद्यापीठाला स्वतःचं काम काय वाटत होतं ते बघायचं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, तेव्हा लंडन विद्यापीठाची पद्धत उचललेली, म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, शिकवायचं कॉलेजांनी. मग फोर्टात त्यांनी काय बांधलं? पदवीदानाचा हॉल (१८७४) आणि ग्रंथालय, वर राजाबाई टॉवर (१८७८). वर्ग नाहीत! लागतच नव्हते. नकाशा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, हा गृहस्थ भारतात कधी आलाच नाही, लंडनहून कागद पाठवले. आणि टॉवरचे पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, आईच्या नावाने, ते पण त्याच कापसातले. म्हणजे बघा @पाट, गणेशखिंड आणि राजाबाई दोन्ही एकाच तेजीची पोरं.

पुण्याचं तेच पुढे चालू. कायदा १९४८ चा, विद्यापीठ सुरू झालं १० फेब्रुवारी १९४९ ला, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. पहिले काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निझाम गेस्ट हाउसमधून, १ जूनपर्यंत. मग बाळासाहेब खेरांच्या सरकारमुळे गव्हर्नराची ही एवढी मोठी इस्टेट पदरात पडली. तेव्हा संलग्न कॉलेजं १८, विद्यार्थी आठ हजारांवर, आणि सगळी पोरं फर्ग्युसन, एसपी वगैरेंमध्येच बसलेली. गणेशखिंडीत हवं होतं ऑफिस, ग्रंथालय आणि थोडे पदव्युत्तर विभाग. त्यामुळे अख्ख्या आवाराचा एकत्र विचार करायची निकड कोणालाच भासली नसणार. एक विभाग आला, एक मोकळा तुकडा दिला. दुसरा आला, दुसरा तुकडा. अशी सत्तर-पंचाहत्तर वर्षं. तुमच्या लेकीला जे जाणवलं ते हे आहे, मधोमध बंगला आणि भोवती आउटहाउसं.

बसस्टॉप_१९

+१ @नकाशावाली

माझी आई तिथे सत्तरच्या दशकात होती, तिच्या म्हणण्यानुसार संध्याकाळी जयकर ग्रंथालयातून बाहेर पडलं की अंधार आणि झाडं, मैत्रिणी घोळक्याने गेटपर्यंत जायच्या. कोणी दादागिरी करायचं असं नाही, पण रस्ता एवढा लांब आणि माणूस एक दिसत नाही. एकर मोजताना हे पण मोजा.

सागरमाळकर

आता आमचं ऐका. पुण्याला सगळं आयतं मिळालं हो, झाडं पण साहेबाने लावलेली. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चं, उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन. जागा कुठली, तर सागरमाळ. नावातच माळ आहे. ८५३ एकर उघडं रान, वारं आणि ऊन. पुण्याच्या डबल आवार, आणि सावलीला झाड शोधायला लागायचं असं आमचे मास्तर सांगायचे.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, मूळचे इतिहासाचे माणूस. त्यांनी मधोमध मुख्य इमारत ठेवली, समोर बाग, आणि पुढे १९७४ च्या सुमारास तिथे महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला, आजही कोल्हापुरातला माणूस पाहुण्यांना विद्यापीठ दाखवायला नेतो तो त्या पुतळ्यापाशीच. पण मला खरं कौतुक आहे ते दुसऱ्याचं. "कमवा आणि शिका". खेड्यातून आलेलं पोर, घरी दोन एकर कोरडवाहू, त्याला आवारातच काम द्यायचं आणि त्यावर शिकू द्यायचं. म्हणजे त्या माळावर जी हिरवळ दिसते त्यात पोरांचे हात आहेत, टेंडर काढून आणलेली लँडस्केपिंग नव्हे ती.

आणि पाणी! हा माझा आवडता विषय, लिहू का नको करत होतो. माळाला उतार आहे, पावसाचं पाणी धडाधड खाली जायचं. गेल्या काही वर्षांत ते ठिकठिकाणी अडवलं, तळी केली, विहिरी जिवंत झाल्या, आणि आता विद्यापीठ आपली पाण्याची गरज बरीचशी स्वतःच भागवतं. उन्हाळ्यात पहाटे तळ्याकाठी उभं राहा, मोर ओरडत असतात आणि खालच्या गावात टँकरची वाट बघत घागरींची रांग असते, असं चित्र मी स्वतः बघितलंय. डिझाइन डिझाइन म्हणतात ते मला तरी तळ्यातच दिसतं, कमानीत नाही.

नकाशावाली

@सागरमाळकर, हे जे तुम्ही म्हणालात ना त्याला आमच्यात पॅट्रिक गेडिस हे नाव घेतात. आधी जमिनीचा उतार, पाणी, माणसांच्या सवयी नीट बघा, मग कमीत कमी कापाकापी करा. आणि हा स्कॉटिश बाबा १९१९ ला मुंबई विद्यापीठातच समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता, त्याच्यानंतर घुर्ये आले. म्हणजे नगररचना कशी करावी हे शिकवणारा माणूस आपल्या विद्यापीठात पगारी होता, आणि आपण विद्यापीठं बांधताना त्याचं पुस्तक कपाटात.

कडप्पा_कट्टा

आयुका कोणीच आणली नाही अजून? पुणे विद्यापीठाच्याच जमिनीवर आहे, खगोलशास्त्राचं केंद्र, १९८८ चं, जयंत नारळीकर पहिले संचालक, नकाशा चार्ल्स कोरिया यांचा. मी बारावीत असताना विज्ञान दिनाला गेलो होतो आणि व्याख्यानातलं अवाक्षर आठवत नाही, पण भिंत आठवते. खाली साधा आपला काळा बेसाल्ट, घरापुढे असतो तसला खडबडीत, त्यावर कडप्पा, आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. तो वरचा थर एवढा गुळगुळीत की त्यात आकाश उतरतं, म्हणजे भिंत कुठे संपली कळतच नाही. मी मान वर करून चालत होतो आणि पुढच्या माणसावर आपटलो.

मधल्या चौकाला कुंड म्हणतात, देवळापुढे पुष्करणी असते तशा उतरत्या पायऱ्या, आणि तिथेच न्यूटन, गॅलिलिओ, आइनस्टाइन आणि आपले आर्यभट, चौघांचे पुतळे. फुकोचा लंबक पण आहे, पृथ्वी फिरते ते डोळ्यांनी बघायचं. सगळं चौकाभोवती गोळा केलेलं, म्हणजे वाड्यासारखं, चालता चालता चार माणसं भेटणारच. आणि शाळेच्या पोरांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका, पुलंच्या नावाने मिळालेल्या देणगीतून उभी राहिलेली. त्याच ४११ एकरांत एका कोपऱ्यात हे जमलं ना? मग बाकीच्यांना कोणी अडवलं होतं.

टेंडर_क्रमांक_७

मंडळी नॉस्टॅल्जिया पुरे. @कडप्पा, आयुका छोटी आहे, एक संचालक, एक आर्किटेक्ट, एकाच वेळी आलेले पैसे, शंभर भानगडींचं विद्यापीठ नाही ते. मी नोकरीत असताना एका सरकारी विद्यापीठात (नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे) बांधकामाच्या बाजूला होतो, तिथे कसं चालतं ते सांगतो.

निधी येतो फेब्रुवारीत. ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे. मग जागा शोधायला वेळ कुठे, जिथे ड्रेनेजची लाइन जवळ तिथे इमारत. सर्व्हे शीटवर झाडं दाखवलेलीच नसतात, पायाचं खोदकाम सुरू झालं की कळतं इथे चिंच होती. समिती म्हणते मॉडर्न लुक पाहिजे, म्हणजे काय तर पश्चिमेला काच. आम्ही दिली काच. पहिल्या एप्रिलला तिथल्या क्लार्क बाईंनी आतून वर्तमानपत्रं चिकटवली, सेलोटेपने. मी रिटायर होईपर्यंत ती तशीच होती, राशिभविष्याच्या पानाचा रंग उडून गेलेला, फक्त सिंह राशीचं चित्र तेवढं दिसायचं.

तेव्हा ट्रबशॉ नि कोरिया ठीक आहे हो, खरा आर्किटेक्ट म्हणजे आर्थिक वर्ष.

नकाशावाली

@टेंडर हसून हसून पोट दुखलं, आणि मग जरा वाईट वाटलं कारण शब्द न् शब्द खरा आहे.

एकच सांगते. अशाच एका ठिकाणी होस्टेल ते मेस रस्ता आखायचा होता, काटकोनात फरसबंदी मंजूर. माळीकाका म्हणाले बाई, एक पावसाळा थांबा. थांबलो. गवत वाढलं आणि पोरांनी स्वतःची तिरकी वाट पाडली, अगदी विटकरी रेघ मारल्यासारखी, मध्ये एका बाभळीला वळसा घालून. तीच पक्की केली. आजतागायत कुणी बाजूच्या गवतात पाय टाकत नाही. फीमध्ये माळीकाकांचा वाटा काढायला हवा होता खरं तर.

चाकांवरून

वाट पक्की केलीत ना, उतार किती ठेवलात? :) मी व्हीलचेअरवर आहे. रॅम्पचं साधं गणित आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सगळीकडे रॅम्प आले पण बऱ्याच ठिकाणी ते पायऱ्यांच्या बाजूला उरलेल्या जागेत कोंबलेले, घसरगुंडीच. एका कँपसात (मी पण नाव घेत नाही) रॅम्पच्या वरच्या टोकाला तुळशीची कुंडी ठेवलेली. चांगल्या भावनेनेच ठेवली असणार. शिपाईमामांनी रोज उचलायची आणि मी वर गेलो की परत ठेवायची.

इथे वडाची मुळं, फरश्या उचललेल्या, मातीची पायवाट याचं सगळ्यांना फार रोमँटिक वाटतंय म्हणून लिहिलं. झाडं हवीतच. पण मुळाभोवती फिरून जाणारी सपाट वाट पण करता येते.

पायी_पायी

@चाकांवरून, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आयडीच पायी_पायी घेऊन बसलोय. लिहीत राहा.

ताळगांवची_पाणकोंबडी

गोंयच्यान देव बरें करूं. आमचं विद्यापीठ १९८५ चं, पणजीजवळ ताळगावच्या पठारावर, ४२७ एकर. नकाशा सतीश गुजराल यांचा, मुळात चित्रकार-शिल्पकार, दिल्लीतला बेल्जियमचा दूतावास त्यांनीच केला. बाहेरून बघताना देखणं आहे, फोटो छान येतात. पण जांभ्याचं पठार आहे, जूनमध्ये वर पाऊस पडत नाही, आडवा येतो. छत्रीचा उपयोग फक्त कोणाची छत्री उडाली ते बघायला. मला कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं सायबा, आधी सगळ्या इमारती जोडणारी छपराची वाट करा आणि मग काय ते शिल्प करा. तरी पाऊस थांबल्यावर पठारावर ती बारकी बारकी फुलं येतात ना, तेव्हा सगळं माफ.

मकाई_गेट

संभाजीनगरातून. तुम्ही लोक इमारती, तळी, छपरं बोलताय, आमच्याकडे अख्ख्या विद्यापीठाचं डिझाइन एका गेटात आहे. मराठवाडा विद्यापीठ, २३ ऑगस्ट १९५८, नेहरू आले होते उद्घाटनाला. मागे लेण्यांचा डोंगर, जवळच सोनेरी महाल. पण गेट म्हटलं की नामांतराचा लढा. इतकी वर्षं चाललेलं आंदोलन, लोकांनी मार खाल्ला, घरं जळाली, जीव गेले, आणि १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव लागलं. दर वर्षी त्या दिवशी खेड्यापाड्यातून माणसं येतात आणि गेटला हात लावून कपाळाला लावतात. माझी आजी अंगठेबहाद्दर, विद्यापीठाच्या आत कधी गेली नाही, काम काय तिचं तिथे. पण गेटापर्यंत दर वर्षी. पिशवीत दशम्या, सोबत मी. तिला कुणी सांगितलं असतं की तुझ्यासाठी नाही हे बांधलं, तर तिने ऐकून घेतलं नसतं.

नकाशा काढणाऱ्याने त्या गेटाचा एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. लोकांनी केला.

जुना_पुणेरी_पाट

@मकाई_गेट, नमस्कार घ्या. यावर काय लिहिणार.

आमच्या विद्यापीठ चौकाचं सांगू नये असं वाटतं पण सांगतो, गेटाबाहेर उड्डाणपूल बांधला, तो २०२० मध्ये पाडला कारण मेट्रो आणि दुमजली पूल त्यात बसेना. कँपसचं नियोजन आत कितीही करा, दारातल्या चौकाचं कोणी बघायचं? आणि २०१७ च्या डिसेंबरात आवारात भाड्याच्या सायकलींचा प्रयोग पण झाला, अगदी शोभेल अशी कल्पना, पुढे शहरभरच ती योजना बारगळली. पुणं ते पुणं. सायकली गेल्या, आठवणी आल्या.

बसस्टॉप_१९

सायकली परत आणा ही माझी एका ओळीची मागणी. आणि दिवे. आईला धागा वाचून दाखवला, ती म्हणाली, दिवे आधी लिही.

पायी_पायी

मंडळी, एवढं येईल वाटलं नव्हतं. लेकीला सगळा धागा वाचायला दिला. कोल्हापूरच्या तळ्यांवर ती अडकली, तिचा विषय पर्यावरणशास्त्र आहे, तर आता तिकडचा पण फॉर्म भरतेय, @सागरमाळकर तुम्ही जबाबदार. पुण्याचा भरलाच आहे.

परवा परत गेलो होतो दोघं कागद द्यायला. या वेळी मी गप्प बसलो, म्हटलं तूच ने. मेन बिल्डिंगकडे वळलीच नाही ती. मोबाईलवर नकाशा काढला, दोन इमारतींच्या मधून, एका पडक्या कंपाउंडला वळसा घालून, कुठल्याशा सायकल स्टँडच्या मागून, आणि आठ मिनिटांत विभागापाशी. दोन वर्षं तिथे काढली मी, ही वाट मला माहीत नव्हती. वाटेत एक मुलगी समोरून येत होती, डोक्यावर ओढणी, हातात वडापाव, तिने लेकीला विचारलं, "फर्स्ट इयर का? इकडून नको जाऊस पावसात, चिखल होतो, जयकरच्या बाजूने ये."

@नकाशावाली, पावसाळा संपला की ती वाट कशी दिसते ते फोटो टाकतो.